छोटं फ्रेमवर्क, आपला सर्व्हर: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात फ्लास्कबद्दल लिहिलं होतं, म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं ते छोटंसं ओपन सोर्स फ्रेमवर्क (वेब ॲपचा तयार सांगाडा, ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) वापरून स्वतःचा वेब सर्व्हर कसा उभा करायचा ते. त्यावर जे मेसेज आले त्यातले बहुतेक कोकणातले निघाले, आणि एकेक प्रश्न इतका कामाचा होता की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, नावं काढलीत.

प्रश्न: आमची देवगडला हापूसची बाग आहे. मार्च ते मे व्हॉट्सॲपवर इतक्या ऑर्डरी येतात की कोणाच्या किती पेट्या आणि कोणाचे पैसे आले याचा मेळ लागत नाही. भाच्याने फ्लास्कमध्ये ऑर्डरचा फॉर्म करून दिलाय, छान चालतो. पण फुकट आहे म्हणजे उद्या कोणी पैसे मागायला येईल का? आणि बनवणाऱ्यांनी सोडून दिलं तर? (एक बागायतदार, देवगड)

काका, पैसे मागायला कोणी येणार नाही. फ्लास्क बीएसडी लायसन्सवर आहे, त्यातला तीन कलमांचा प्रकार. वापरा, बदला, त्यावर धंदा करा, काही अडत नाही. फक्त कोड पुढे कोणाला दिलात तर मूळ कॉपीराइटची ओळ काढायची नाही आणि त्यांच्या नावाने आपली जाहिरात करायची नाही. त्याच लायसन्समध्ये हेही लिहिलंय की कसलीही हमी नाही, म्हणजे ऐन मे महिन्यात फॉर्म बंद पडला तर त्यांच्याकडे भरपाई मागता येणार नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण फुकट म्हटलं की आपण फक्त पहिला भाग ऐकतो.

सोडून देण्याची भीती मला फारशी वाटत नाही. आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन प्रोग्रामरने २०१० साली १ एप्रिलला गंमत म्हणून एका फाइलचं एक फ्रेमवर्क टाकलं होतं, लोकांनी ते खरंच मनावर घेतलं आणि त्यातूनच त्याच वर्षी फ्लास्क आलं. २०१६ पासून पॅलेट्स नावाचा गट ते सांभाळतो, एकट्या माणसावर नाही. आणि समजा उद्या सगळेच थांबले तरी तुमच्याकडे जो कोड आहे तो तुमच्याकडेच राहतो.

फ्लास्क नेमकं काय करतं तर गिऱ्हाइकाने मोबाइलवर लिंक उघडली की ती मागणी तुमच्या सर्व्हरकडे येते, फ्लास्क तिचा पत्ता बघून ठरवतं की तुमच्या भाच्याने लिहिलेलं कुठलं फंक्शन चालवायचं, आणि ते फंक्शन जे पान देईल ते परत पाठवतं. बाकी डेटाबेस कुठला, लॉगिन कसं, पैशाचं काय, हे त्यात नसतं. खांब आणि वासे उभे करून मिळतात, भिंत चिऱ्याची घालायची की विटेची ते घरमालकाने ठरवायचं, तसं आहे हे.

तुमच्या भाच्याला दोन गोष्टी नक्की सांगा. एक, जे व्हर्जन आज चालतंय त्याचा नंबर रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा, फ्लास्कचा आणि त्याच्यासोबत येणाऱ्या सगळ्या पॅकेजेसचाही, आणि सीझन चालू असताना अपडेटला हात लावायचा नाही, जून उजाडला की करा काय ते (सुरक्षेचं काही तातडीचं आलं तर गोष्ट वेगळी). दुसरं म्हणजे फॉर्ममध्ये यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर भरायची जागा ठेवा आणि तो नंबर बँकेच्या ॲपमध्ये बघूनच ऑर्डर पक्की करा, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट बघून पेटी गाडीत चढवू नका. कार्डचे नंबर वगैरे स्वतःच्या सर्व्हरवर घ्यायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

खर्च डोमेनचा आणि होस्टिंगचा, तेवढाच.

प्रश्न: दादा, मालवणला आमचा होमस्टे आहे. पाहुणे किंवा शेजारचे होमस्टेवाले फोटो टाकू शकतील असं पान फ्लास्कमध्ये केलं. इंग्रजी नावाचे फोटो नीट जातात. पण मराठी नाव दिलेला फोटो टाकला की आधीचा मराठी नावाचा फोटो गायब होतो. फोल्डरमध्ये बघितलं तर एकच फाइल, तिचं नाव नुसतं 'जेपीजी'. आणि नावांची यादी ब्राउझरमध्ये उघडली की मराठीच्या जागी काहीतरी आकडेच येतात. मराठी चालतच नाही का यात? (एक गृहिणी, मालवण)

ताई, मराठी अगदी व्यवस्थित चालतं, पण कुठे काय करायचं ते माहीत असावं लागतं आणि याबद्दल मराठीत कोणी लिहीत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

फाइलचं नाव साफ करायला तुम्ही 'सिक्युअर फाइलनेम' नावाचं फंक्शन वापरलं असणार, सगळीकडे तेच सुचवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे, कारण पाठवणारा नावात तिरक्या रेघा आणि दोन टिंबं घालून तुमच्या भलत्याच फोल्डरमध्ये फाइल घुसवू शकतो, ते यामुळे अडतं. पण हे फंक्शन साफ करताना इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंबासारखी मोजकी चिन्हं यांच्यापलीकडचं सगळं गाळून टाकतं. आता 'तारकर्ली डॉट जेपीजी' असं नाव आलं, यातली देवनागरी अक्षरं गेली, उरलं काय तर टिंब आणि जेपीजी, मग सुरुवातीचं टिंबही ते काढतं, म्हणजे हातात राहतं नुसतं 'जेपीजी'. पुढचा फोटो 'देवबाग डॉट जेपीजी', त्याचंही तेच होतं. दोन्ही एकाच नावाने सेव्ह, दुसरा पहिल्यावर जाऊन बसला. कुठेही एरर नाही, म्हणून लक्षात पण येत नाही.

उपाय असा की पाठवणाऱ्याने दिलेल्या नावाने फाइल ठेवूच नका. पायथॉनमध्ये यूयूआयडी म्हणून मॉड्यूल आहे, ते दरवेळी वेगळं लांबलचक नाव बनवून देतं, त्या नावाने फाइल डिस्कवर ठेवा. 'तारकर्ली' हे मूळ नाव डेटाबेसमध्ये एका कॉलममध्ये ठेवा आणि पानावर दाखवताना तिथून दाखवा. शेवटचं जेपीजी किंवा पीएनजी तेवढं मूळ नावातून काढून घ्या, आणि आपल्या ठरलेल्या यादीत ते नसेल तर फाइल घेऊच नका. अजून एक, फाइल किती मोठी चालेल याला फ्लास्क आपणहून मर्यादा घालत नाही. 'मॅक्स कंटेंट लेंग्थ' ही सेटिंग आहे, ती १६ एमबी वगैरे ठेवा, त्यापेक्षा मोठं काही आलं तर ४१३ नंबरची एरर देऊन फ्लास्क ते परत पाठवतं. नाहीतर कोणीतरी डॉल्फिनचा दहा मिनिटांचा व्हिडिओ टाकेल आणि डिस्क भरेल.

आता आकड्यांचं. यादी तुम्ही जेसॉनमध्ये (प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती पाठवायची मजकुराची पद्धत) पाठवताय ना, तर फ्लास्क मुळात जेसॉन लिहिताना इंग्रजीबाहेरचं अक्षर त्याच्या युनिकोड नंबरने लिहितं, म्हणजे 'आ' च्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि ०९०६. हे चुकीचं नाहीये, ज्या प्रोग्रामला ते वाचायचंय तो त्याचा 'आ' नीट करून घेतो, फक्त माणसाला वाचता येत नाही. ॲपच्या जेसॉन सेटिंगमध्ये 'एन्शुअर आस्की' फॉल्स केलं की सरळ मराठी दिसतं. जुन्या लेखांमधे 'जेसॉन ॲज आस्की' अशी सेटिंग दिलेली असते ती २.३ पासून काढून टाकलीय, त्यामुळे ती लिहून काही होत नसेल तर गोंधळू नका. बुकिंगची यादी सीएसव्हीत काढून एक्सेलमध्ये उघडणार असाल तर फाइल लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ एट सिग' द्या, नुसतं 'यूटीएफ एट' दिलं की एक्सेल बऱ्याचदा मराठीचा पार विचका करतं.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगून ठेवतो, कारण शोधाची सोय केलीत की हे येणारच. 'किनाऱ्यावर' मधला जो अर्धा र आहे तो कीबोर्डप्रमाणे दोन पद्धतींनी टाइप होतो, एकात नुक्तावाला ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरला वेगळे, म्हणजे पाहुण्याने नाव बरोबर टाइप करूनही 'सापडलं नाही' येतं. डेटाबेसमध्ये ठेवायच्या आधी आणि शोधायच्या आधी, दोन्ही वेळेला, दुसरी पद्धत पहिलीत बदलून घ्या. एका ओळीचं रिप्लेस आहे, पण मराठी साइट बनवणाऱ्या प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: सर मी रत्नागिरीत डिप्लोमाला आहे. प्रोजेक्ट फ्लास्कमध्ये केलाय. माझ्या लॅपटॉपवर चालतो, पण त्याच वायफायवर मित्राच्या मोबाइलवर उघडत नाही. आणि टर्मिनलमध्ये लाल अक्षरात वॉर्निंग येते की हा डेव्हलपमेंट सर्व्हर आहे, प्रॉडक्शनला वापरू नका. सगळे म्हणतात दुर्लक्ष कर. करू का?

मोबाइलचं सोपं आहे. फ्लास्क सुरू होताना १२७.०.०.१ या पत्त्यावर, ५००० नंबरच्या पोर्टवर बसतं, आणि तो पत्ता म्हणजे 'मी स्वतः', बाहेरचा कोणी तिथे पोचतच नाही. होस्ट ०.०.०.० दिलास की ते वायफायवरच्या इतरांनाही उत्तर देतं. मग मित्राने मोबाइलमध्ये तुझ्या लॅपटॉपचा वायफायचा आयपी पत्ता आणि पुढे पोर्ट नंबर टाकायचा. तरी नाही उघडलं तर विंडोजची फायरवॉल अडवत असेल. काही कॉलेजांच्या वायफायवर एका उपकरणाला दुसरं दिसूच देत नाहीत, तसं असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लाव आणि त्यावर बघ.

पण होस्ट ०.०.०.० करायच्या आधी डीबग मोड (कोडमधल्या चुका शोधायला दिलेला) बंद कर. आधी ते, मग हे. डीबग चालू असताना कुठे एरर आली की ब्राउझरमध्येच एक कन्सोल उघडता येतो आणि त्यात पायथॉनचा कुठलाही कोड चालतो, कुठलाही म्हणजे तुझ्या लॅपटॉपवरच्या फाइल पुसणारासुद्धा. त्याला एक पिन असतो खरा, तो टर्मिनलवर छापलेला येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये असं ते बनवणारेच सांगतात. शिकताना डीबग मोडसारखं काही नाही, स्वतःच्या लॅपटॉपपुरतं खुशाल वापर.

वॉर्निंगकडे दुर्लक्ष नको रे. व्हायवाला दाखवण्यापुरतं चालेल, पण उद्या तेच कोणाच्या दुकानाला लावून दिलंस तर नाही. फ्लास्कसोबत येणारा सर्व्हर हा कोड लिहिताना बघता यावं म्हणून दिलेला आहे, जास्त वर्दळ आणि वाईट हेतूने पाठवलेल्या रिक्वेस्ट झेलायला तो बनवलेलाच नाही. पायथॉनमध्ये डब्ल्यूएसजीआय नावाचा एक करार आहे, २००३ साली पेप ३३३ म्हणून आला (पेप म्हणजे पायथॉनमधल्या सुधारणेचा प्रस्ताव), नंतर पायथॉन ३ साठी पेप ३३३३ झाला. सर्व्हरने ॲपला रिक्वेस्ट कशी द्यायची आणि ॲपने उत्तर कसं द्यायचं एवढंच त्यात ठरवलंय. दोन्ही बाजूंनी तो पाळला की सर्व्हर बदलता येतो, तुझ्या कोडमध्ये एकही ओळ न बदलता. लिनक्सवर असशील तर गनिकॉर्न नावाचा सर्व्हर घे. विंडोजवर गनिकॉर्न चालत नाही, तिथे वेट्रेस नावाचा आहे, पिपने टाकायचा आणि एका कमांडने सुरू करायचा. व्हायवाला परीक्षकांनी विचारलं की हा सर्व्हर बदलून दाखव, तर तिथल्या तिथे दाखवता येईल, आणि डब्ल्यूएसजीआय तुला खरंच कळलंय हे त्यांना दिसेल.

प्रश्न: हर्णैला लिलावाचा हिशोब आम्ही वहीत ठेवतो, कोणाची बोट, कुठला मासा, किती टोपल्या, काय दराने गेला. मुलगा म्हणतो लॅपटॉपवर फ्लास्क लावू, चारपाच मोबाइलवरून भरता येईल. पण बंदरावर नेट असलं तर असतं आणि लाइट तर काय विचारूच नका. जमेल का?

जमेल, आणि मला विचाराल तर फ्लास्कसारख्या छोट्या गोष्टीचा खरा उपयोग इथेच आहे. याला इंटरनेट लागतच नाही हो. एक साधा वायफाय राउटर, एक लॅपटॉप, लॅपटॉपवर सर्व्हर, आणि मोबाइल त्या राउटरला जोडलेले. सिमकार्डला रेंज नसली तरी चालेल. फक्त मुलाला सांगा की पानाचं डिझाइन, फॉन्ट, बटणांची जावास्क्रिप्ट, सगळं लॅपटॉपवरच डाउनलोड करून ठेव. पानात बाहेरच्या साइटवरून काही ओढून घेतलं असेल तर घरी चालेल आणि बंदरावर पान उघडंबोडकं दिसेल.

डेटाबेस एसक्यूलाइट घ्या. वेगळा सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, सगळा हिशोब एका फाइलमध्ये. एका वेळी एकच जण लिहू शकतो, बाकीचे क्षणभर थांबतात, पण चारपाच मोबाइलवरून टोपल्या भरायला ते कधी जाणवणार पण नाही. लाइटचं म्हणाल तर एसक्यूलाइटची रचनाच अशी आहे की नोंद एकतर पूर्ण होते नाहीतर होतच नाही, अर्धवट रक्कम लिहिली गेली असं होत नाही. त्यासाठी मुलाने प्रत्येक सौद्यानंतर 'कमिट' केलं पाहिजे, म्हणजे नोंद फाइलमध्ये पक्की केली पाहिजे, संध्याकाळी एकदम नको. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर लाइट गेल्यावर राउटर तेवढा बंद पडेल, त्याला छोटा यूपीएस लावा.

बॅकअप मात्र रोज. आणि तो लिलाव चालू असताना फाइल उचलून कॉपी करून घेतलेला नको, मध्येच कोणी लिहीत असेल तर कॉपी बिघडलेली निघू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय आहे, पायथॉनमधून एका ओळीत होते, ती वापरा. बॅकअप ज्या पेनड्राइव्हवर घ्याल तो लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका, दुसऱ्या घरी ठेवा, जरा उंचावर. २०२० ला ३ जूनला निसर्ग वादळ दापोली मंडणगडकडे काय करून गेलं ते तुम्ही पाहिलंय, आणि पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूणला पुराने दुकानांच्या वह्या आणि कॉम्प्युटर दोन्ही नेले.

सुरू कधी करायचं तर माझं मत, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मुलाला बनवू द्या, मागच्या वहीतला एखादा महिना त्यात भरून बघा, बेरजा जुळतात का बघा. ऑगस्टमध्ये बोटी निघाल्या की पहिला महिनाभर वही आणि लॅपटॉप दोन्ही चालू ठेवा. लिलाव करणाऱ्या बायकांना आणि तांडेलांना आकडा वहीतल्याइतकाच पटला पाहिजे, तो पटेपर्यंत वही बंद करायची नाही. आणि भरायचं पान त्यांनाच विचारून बनवा, बटणं मोठी, हाताची बोटं ओली असली तरी दाबता येतील अशी.

प्रश्न: वेंगुर्ल्याला आमचं काजू प्रोसेसिंगचं छोटं युनिट आहे. मी एआयला सांगून फ्लास्कचं ॲप लिहून घेतलं, कामगारांची हजेरी आणि पगार. चालतंय. सुरक्षित आहे हे कसं कळणार?

चालतंय यावरून ते कळत नाही. पगाराचा मामला आहे, म्हणून हे नीट बघाच, कोड कळत नसला तरी यातलं बरंचसं नुसतं वाचून दिसतं. पासवर्डचं टेबल उघडा. पासवर्ड जसाच्या तसा वाचता येत असेल तर ते आधी बदला, फ्लास्क ज्यावर उभं आहे त्या वेर्कत्सॉयगमध्येच पासवर्ड हॅश करायचं, म्हणजे उलट वाचता येणार नाही असं रूप द्यायचं, फंक्शन आहे, वेगळं काही आणायला नको. मग डेटाबेसच्या ओळी बघा, जिथे कामगाराचं नाव किंवा नंबर जातो तिथे प्रश्नचिन्ह किंवा तसंच जागा धरणारं चिन्ह असायला हवं. तिथे नाव वाक्यातच चिकटवलेलं असेल तर कोणी नावाच्या रकान्यात एसक्यूएल (डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा) टाइप करून अख्खी हजेरी वाचेल किंवा पुसेल. 'सिक्रेट की' कोडमध्ये 'डेव्ह' किंवा 'सिक्रेट' अशी सोपी लिहिलेली असेल तर तीही बदला, कारण लॉगिन कोणाचं आहे हे फ्लास्क ब्राउझरमधल्या कुकीत ठेवतं आणि त्यावर या कीने सही करतं, की ओळखता आली तर कोणीही 'मी मालक' अशी कुकी बनवू शकतो. लक्षात घ्या, ती कुकी फक्त सही केलेली असते, कुलूपबंद नसते, आतलं वाचता येतं, त्यामुळे पगाराचा आकडा सेशनमध्ये, म्हणजे या कुकीत, ठेवू नका.

पानावर दाखवताना नावात कोणी एचटीएमएल घुसवलं तर ते जिंजा (फ्लास्कसोबत येणारा, पानं तयार करणारा भाग) आपोआप निकामी करतं, जिथे 'सेफ' असा शब्द लावलाय तिथे मात्र करत नाही, तो शब्द शोधा आणि का लावलाय ते एआयलाच विचारा. फॉर्मला सीएसआरएफचं संरक्षण (दुसऱ्याच साइटने तुमच्या लॉगिनवर गुपचूप फॉर्म भरू नये म्हणून) फ्लास्कमध्ये मुळात नसतं, त्यासाठी फ्लास्क डब्ल्यूटीएफ टाका. एवढं झालं की गावातल्या एखाद्या जाणकार मुलाला किंवा मुलीला पैसे देऊन एक दिवस तपासायला बसवा. काजू सोलणाऱ्या बायकांच्या मजुरीचा हिशोब आहे तो.

प्रश्न: माका ह्यातला जास्त काय कळणा नाय, पण शिकूचा आसा. फ्लास्क शिकू काय जँगो? (कुडाळ)

फ्लास्क आधी. जँगो हे पायथॉनमधलंच मोठं फ्रेमवर्क, ते चांगलंच आहे, अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात बनलं आणि २००५ ला सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यात लॉगिन, ॲडमिन, डेटाबेसचं सगळं तयार मिळतं. पण नवीन माणसाला त्यात काय कशामुळे होतंय ते दिसत नाही. फ्लास्कमध्ये पाचसात ओळी लिहिल्या की पान दिसतं आणि प्रत्येक ओळ का आहे ते कळतं. पायथॉन थोडं येत असेल तर फ्लास्कच्या स्वतःच्या कागदपत्रात 'फ्लास्कर' नावाचा छोटा ब्लॉग बनवायचा धडा आहे, तो कॉपी न करता हाताने टाइप करत पूर्ण कर. आठवडाभर जाईल, जाऊ दे. अडलास तर एररची शेवटची ओळ सगळ्यात आधी वाच, आणि तरी नाही सुटलं तर ती ओळ जशीच्या तशी आम्हाला पाठव.